शिरोरेषेला वळण लावताना

आकाशनिरीक्षणाच्या वहीसाठी गोल लेबल करायला घेतलंय. वरच्या कमानीत ‘नभांगण निरीक्षण’, खालच्या कमानीत ‘नोंदवही’, मधे चंद्रकोर. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये मजकूर लिहायचा, वर्तुळ काढायचं, दोन्ही निवडून ‘टेक्स्ट’ मेनूतलं ‘पुट ऑन पाथ’ (मजकूर पाथवर, म्हणजे काढलेल्या रेषेवर, बसवणं) दाबायचं, काम फत्ते. रोमन अक्षरांवर ते दोन मिनिटांत झालंही होतं. देवनागरीत बघण्यासारखं काही हाती लागायला तीन बैठका गेल्या.

पहिली बैठक मजकूर जागेवर आणण्यातच गेली. इंकस्केपचं वर्तुळ घड्याळातल्या तीनच्या जागी सुरू होतं आणि घड्याळाच्या दिशेने फिरतं, त्यामुळे माझा मजकूर उजव्या बाजूने खाली घसरगुंडी करत निघाला. तो मध्यावर यावा म्हणून अलाइनमेंट ‘सेंटर’ केली, तर अर्धा मजकूर गायब! झालं असं, की मजकुराचा मध्य पाथच्या सुरुवातीच्या बिंदूवर जाऊन बसला आणि त्याच्या मागचा भाग पाथवर नसल्यामुळे दिसेनासा झाला. सेंटर आधी करायचं आणि पुट ऑन पाथ नंतर; मग प्रोग्रॅम स्टार्टऑफसेट, म्हणजे मजकूर पाथवर कुठे बसवायचा तो आकडा, आपोआप ५० टक्के ठेवतो. चूक झालीच असेल तर एक्सएमएल एडिटर (चित्रामागचा कोड दाखवणारी खिडकी) उघडून तो आकडा हाताने टाकता येतो. यानंतर वर्तुळ घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवलं, मजकुराचा मध्य बरोबर माथ्यावर आला.

आणि तिथे खरं दुखणं दिसलं. शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटलेली, मधे पाचरीसारख्या फटी. जणू दात पडलेली कंगवी.

कारण साधं आहे. पाथवर बसवलेलं अक्षर वाकत नाही, नुसतं फिरतं. प्रत्येक अक्षर आपापल्या मध्यबिंदूपाशी वक्राच्या स्पर्शरेषेला समांतर उभं राहतं. त्रिज्या २०० पिक्सेल आणि अक्षराची रुंदी सुमारे ३० धरली, तर शेजारच्या दोन अक्षरांत ३० भागिले २००, म्हणजे ०.१५ रेडियन, साडेआठ अंशांचा कोन पडतो. पाथ अक्षरांच्या पायाखाली, शिरोरेषा त्याच्यावर ३५ पिक्सेल. तेवढ्या उंचीवर फट होते ३५ गुणिले ०.१५, म्हणजे पाच पिक्सेलहून जास्त. रोमन अक्षरांत हीच फट पडते, पण ती अक्षरं मुळात सुटी असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. जोडाक्षर वेलांटीसकट एकच तुकडा म्हणून फिरतं. त्यामुळे वेलांटी भरकटत नाही, पण तुकडा रुंद होतो आणि त्याच्या कडेची फटही.

अक्षरांतलं अंतर वाढवा, हा प्रोग्रॅम शिकवणाऱ्या धड्यांमधला नेहमीचा सल्ला आपल्या लिपीला मारक आहे. अंतर वाढवलं की सरळ ओळीतली शिरोरेषासुद्धा तुटते. अंतर कमी करून पाहिलं. फटी बुजल्या, पण पायाशी ‘ग’ आणि ‘ण’ एकमेकांना भिडले.

दुसऱ्या बैठकीत डोक्यात प्रकाश पडला. रोमन अक्षरं रेषेवर उभी असतात, आपली रेषेला टांगलेली असतात. मग पाथ पायाखाली कशाला? तो शिरोरेषेतूनच जायला हवा. कर्सर पहिल्या अक्षराच्या आधी ठेवून ऑल्ट आणि खालचा बाण दाबत गेलो, अख्खी ओळ खाली सरकत शिरोरेषा पाथवर येईपर्यंत. (दर दाबाला पडद्यावरचा एक पिक्सेल सरकतो, म्हणून झूम जितका मोठा तितकं बारीक काम होतं. शिफ्ट जोडला तर एकदम दहा.) फटी जवळजवळ मिटल्या. जी उरली ती फक्त शिरोरेषेच्या वरच्या काठावर, पाऊण पिक्सेलच्या आसपास.

खालच्या कमानीसाठी पाथ उलटा हवा: वर्तुळ आधी ‘ऑब्जेक्ट टू पाथ’, मग ‘रिव्हर्स’, मग घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंश. इथे पाथ पायाशी ठेवला असता तर शिरोरेषा आतल्या बाजूला जाऊन अक्षरं एकमेकांवर चढली असती. म्हणून खालचं वर्तुळ १६५ त्रिज्येचं घेतलं आणि अक्षरं त्याला बाहेरच्या बाजूने टांगली. वरची ओळ २०० पासून आत १६५ पर्यंत, खालची १६५ पासून बाहेर २०० पर्यंत. दोन्ही एकाच पट्ट्यात बसतात. खरं सांगायचं तर खालची कमान वरचीपेक्षा देखणी दिसते. टांगलेल्या अक्षरांना पायाशी ऐसपैस जागा मिळते ना.

फटी गेल्या तरी शिरोरेषा गोल झालेली नव्हती, प्रत्येक अक्षरापाशी तिला कोपरा होता. तिसऱ्या बैठकीत अतिशहाणपणा केला. वहीत शब्द लिहून झाल्यावर वरून रेघ ओढतो, तशी त्याच जाडीची एक कमान अक्षरांवरून ओढली. छान गुळगुळीत! फाइल बंद करता करता वाचलं तर ‘नमांगण निरीक्षण’. ‘भ’च्या डोक्यावरची मोकळी जागा रेघेने भरून टाकली होती. ‘ध’ असता तर त्याचा ‘घ’ झाला असता. आता कमानीला तिथे दोन नोड (पाथवरचे बिंदू) घालून मधला तुकडा काढलाय, शब्दांमधल्या जागेतही तसंच.

‘बेंड’ हा पाथ इफेक्टही वापरून पाहिला. त्यात अक्षरांच्या बाह्यरेषाच वाकतात, त्यामुळे शिरोरेषा खरोखर गोल होते. पण आधी मजकुराचं रूपांतर पाथमध्ये करावं लागतं, म्हणजे शुद्धलेखन नंतर दुरुस्त करायचं नाव नको. शिवाय कमानीची लांबी मजकुराच्या रुंदीइतकी नसली तर अक्षरं ताणली जातात. माझा मजकूर ३३० पिक्सेल रुंद, त्रिज्या २००, म्हणून कमान साडेचौऱ्याण्णव अंशांची काढली. एवढं करूनही ‘ग’चा काना खाली निमुळता होऊन पाचर दिसायला लागला. उथळ कमानीला बेंड उत्तम, या लेबलाला नको.

गंमत म्हणजे एसव्हीजीच्या (इंकस्केप ज्यात चित्र साठवतो त्या फाइल-प्रकाराच्या) २००१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच जोडून लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठी टेक्स्टपाथला, म्हणजे पाथवरच्या मजकुराला, ‘स्ट्रेच’ ही अक्षरंच वाकवणारी पद्धत दिलेली आहे. मोठ्या आशेने ती एक्सएमएल एडिटरमध्ये लिहिली. अक्षरं जागची हलली नाहीत.

आता एकच काम उरलंय: ‘नि’ आणि ‘री’च्या वेलांट्या २०० च्या बाहेर डोकावतात आणि चौकटीच्या वर्तुळाला टेकतात. चौकट २१५ वर नेऊन बघतो.