तिला मुलगा का दिला नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या रेडिओ मालिकेतल्या सुमनबद्दलचा हा प्रश्न मला पहिल्यांदा विट्याच्या एसटी स्टँडवर एका बाईनं विचारला. नंतर फोनवर, हळदीकुंकवाला, लग्नाच्या मांडवात कितीदा तरी ऐकला: "सगळं चांगलं केलंत, मग शेवटी सुमनला एक मुलगा दिला असता तर काय बिघडलं असतं?"

ज्यांनी मालिका ऐकली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या भागातल्या छोट्या कम्युनिटी रेडिओसाठी मी 52 भाग लिहिले. सुमनला दोन मुली. नवरा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात, तिकडं कोइमतूरला. घरी येतो तो यात्रेला आणि दिवाळीला. सासूला सगळे नानी म्हणतात, आणि नानी तिसऱ्या खेपेची वाट बघतेय. शेवटी नवराच बिनटाक्याचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतो आणि पाळणा दोन मुलींवर थांबतो.

मुलगा देणं माझ्या हातात होतं, एका ओळीचं काम. पण त्या एका ओळीनं आधीचे सगळे भाग पुसले असते. ऐकणारीनं एवढंच धरलं असतं की सुमननं सोसलं, देवानं बघितलं, पोरगा दिला. गोष्टीतलं माणूस काय बोलतं ते विसरलं जातं, त्याच्या पदरात काय पडलं ते मात्र राहतं.

मेक्सिकोच्या मिगेल साबिदोंनी 1970च्या दशकात याच समजुतीवर टीव्ही मालिका रचल्या, त्यातली एक तर कुटुंबनियोजनावरच होती. त्यांच्या मालिकेत एक चांगलं पात्र, एक वाईट आणि एक मधलं, चाचपडणारं. प्रेक्षक त्या मधल्याचा हात धरून चालतो. ही पद्धत फसूही शकते. 1984 साली दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. त्यातली मुकाट सोसणारी आई, भागवंती, दाखवली होती ती बाईनं असं सोसू नये म्हणून. पण पुष्कळ प्रेक्षकांनी, बायकांनीसुद्धा, तिलाच आदर्श गृहिणी मानलं. लिहायला बसले की ही भागवंती माझ्या डोळ्यांपुढं असते.

आणि लुत्सान. उत्तर प्रदेशातलं हे गाव 1996 साली आकाशवाणीवर 'तिनका तिनका सुख' ऐकत होतं. त्यातली पूनम हुंड्याच्या छळानं जीव देते. गावानं आकाशवाणीला मोठं पत्र पाठवलं, सह्या आणि अंगठे उमटवून: आम्ही हुंडा देणार नाही, घेणार नाही. एका पत्रानं गावातला हुंडा संपत नाही, मला कळतं. पण पूनम वाचावी असं त्या गावाला वाटलंच असणार, आणि लिहिणाऱ्यानं तिला वाचवलं असतं तर ते पत्र निघालं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या मालिकेतलं मधलं पात्र सुमन नाही, नानी आहे. पहिल्या खर्ड्यात नानी विसाव्या भागातच बदलली होती. नानीचं काम करणाऱ्या मावशी वाचन थांबवून म्हणाल्या, "ही बाई एवढ्यात नमायची न्हाई. मी न्हाई नमले." त्यांना चार मुलींवर मुलगा झालेला. मी पानं परत घेतली. मग नानी नवस बोलली, झाडपाला आणला, हद्दीपलीकडं सोनोग्राफी करून मिळते का याची चौकशीही केली. हे लिहिताना माझा हात जड झाला होता. 2017 साली आपल्याच जिल्ह्यात, म्हैसाळला, पुरलेले 19 भ्रूण सापडले होते. शेजारच्या साताऱ्यात 2011 साली 'नकुशी' नावाच्या 285 मुलींना नवी नावं द्यावी लागली. नानी काही आकाशातून पडलेली नाही.

मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, हे डॉक्टरांच्या तोंडी घातलं तेव्हा ते भाषण झालं. मावशींनीच ते वाक्य फिरवून दिलं: "पेरल तसं उगवल. रानाला शिव्या कशाला?" तो भाग बायकांनी मोबाईलवर रेकॉर्ड करून परमुलखातल्या नवऱ्यांना पाठवला.

ऑपरेशननंतरचे तीन महिने मी मुद्दाम दोन भाग घोळवले. तेवढे दिवस दुसरं साधन वापरावं लागतं, मग वीर्य तपासून घ्यावं लागतं. हे न पाळता दिवस गेले तर संशय बाईवर येतो, आणि ते घर पुन्हा सांधत नाही.

स्टँडवरच्या त्या बाईला मी यातलं काहीच सांगितलं नाही. तिच्या कडेवर एक मुलगी, बोटाला एक. मी विचारलं, "सुमनला मुलगा झाला असता, तर तुम्हाला काय वाटलं असतं ताई?"

"तिला झाला आसता तर मला बी हुईल म्हनून वाटलं आसतं."

आटपाडीची गाडी लागली. थोरलीला पुढं घालून ती चढली, आणि खिडकीतून तिनं हाक मारली, "नानी आता धाकटीला शाळंत सोडाया जाती का ओ?"

मालिका संपून तेव्हा दोन महिने झाले होते.

"जाती की," मी म्हणाले. "रोज जाती."