तुम्ही विचारलंत म्हणून: शुद्ध धातूची पावडर

घरच्या छोट्या प्रयोगांसाठी शुद्ध धातूची पावडर कुठून आणायची, हे मला नेहमी विचारलं जातं. उत्तर सरळ आहे: प्रयोगशाळांना रसायनं पुरवणाऱ्याकडून, सीलबंद बाटलीत. पण आधी मी उलट विचारतो, पावडरच कशाला हवी?

यावर बरेच जण अडखळतात. विद्युतघट करायचा तर जस्ताची पट्टी आणि तांब्याची तार पुरते. शिवाय ती स्वच्छ ठेवणं सोपं. १ सेंमी बाजूच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौरस सेंमी असतं. त्याच धातूचे १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चौकोनी कण केले, तर ते ६,००० चौरस सेंमी होतं. एवढ्या पृष्ठभागाला हवा लागली की ऑक्साइड आलंच. तार पॉलिश पेपरने घासता येते, पावडर घासणार कशी?

म्हणूनच लेबलवरच्या ‘९९.९ टक्के’वर मी भाळत नाही. पुष्कळदा या आकड्यात फक्त इतर धातूंची भेसळ मोजलेली असते. ऑक्सिजन आणि कार्बन हिशेबात धरलेलेच नसतात. त्यामुळे त्या बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र मागा आणि त्यात ऑक्सिजनचा आकडा आहे का ते बघा. कणांचा आकारही विचारा. तो बहुधा मेशमध्ये, म्हणजे चाळणीच्या एका इंचात किती छिद्रं यावरून सांगतात: १०० मेश म्हणजे साधारण १५० मायक्रॉन, ३२५ मेश म्हणजे ४५. लोह आणि गंधकाच्या शाळकरी प्रयोगाला जाडसर पावडर चालते; उगाच बारीक घेतली तर ती गंजते लवकर आणि उडतेही.

रंगकामाच्या दुकानातली चकचकीत पावडर मात्र नको. ‘सोनेरी’ म्हणून मिळते ते बहुधा पितळ असतं, आणि अशा पावडरीच्या पापुद्र्यासारख्या चपट्या कणांवर अनेकदा स्टिअरिक आम्लाचा लेप असतो. पाण्यावर टाकून बघा, तरंगत राहते. शोभेला छान, प्रयोगाला निरुपयोगी.

बारीक ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम मागणाऱ्याला मी पत्ता देत नाही, भले राग येवो. ती धूळ हवेत पसरली तर एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो आणि पेटल्यावर पाणी मारलं तर आग आणखी भडकते.

जस्ताची पावडर घेतलीत, तर लागेल तेवढीच घ्या. ओलावा लागला तर तिच्यातून हायड्रोजन सुटतो, तेव्हा ओला चमचा बाटलीत घालू नका आणि उरलेली पावडर परत त्याच बाटलीत ओतू नका.