गोखरूचा काढा आणि त्याची मर्यादा

लघवीला सतत जावेसे वाटणे, गेल्यावर थेंबभरच होणे आणि तीही जळजळत होणे, म्हणजे ज्याला आपण ‘उन्हाळे लागणे’ म्हणतो, तो त्रास मला वर्षातून दोन-तीनदा होत असे. त्या निमित्ताने एका वैद्यांनी मला गोखरूचा काढा सांगितला.

गोखरू म्हणजेच सराटा. जमिनीसरसे पसरणाऱ्या या वनस्पतीला पाच पाकळ्यांची पिवळी फुले येतात आणि तिचे फळ वाळले की त्याचे पाच काटेरी तुकडे होतात. त्या काट्यांचा अनुभव ज्याच्या तळपायाने घेतला आहे, त्याला ‘श्वदंष्ट्रा’, म्हणजे कुत्र्याचा सुळा, हे संस्कृत नाव निराळे समजावून सांगावे लागत नाही. चरकसंहितेतील मूत्रविरेचनीय गणात, म्हणजे लघवी साफ करणाऱ्या दहा द्रव्यांत, याच नावाने गोखरू येतो. दशमुळांतही तो आहेच.

काढ्यासाठी वाळलेली फळे खलबत्त्यात कुटताना पहिले काही घाव हलकेच घालावे लागतात, नाहीतर काटे उडतात. एक भाग भरडीला सोळा भाग पाणी घालून मंद आचेवर आठवा भाग उरेपर्यंत आटवायचे, ही शार्ङ्गधरसंहितेतील रीत. गाळताना मी फडके दुहेरी घेतो, कारण काट्याचा बारीक तुकडा घशाशी आला तर फार टोचतो.

या काढ्याने मला लघवी मोकळी होते आणि आग कमी होते, हा माझा अनुभव आहे. मात्र याच अनुभवाच्या भरवशावर मी एकदा मोठी चूक केली. जळजळ सुरू असूनही चार दिवस केवळ काढा घेत राहिलो आणि पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, कमरेच्या एका बाजूला ठणका लागला. लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जिवाणू निघाला आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचल्याचे डॉक्टरांनी सांगितले. हा जिवाणू मूळचा आतड्यातला. मूत्रमार्गाच्या संसर्गात बहुतेक वेळा तोच सापडतो. लघवी वाढली की मूत्राशय धुतला जातो हे खरे. पण आतल्या अस्तराला चिकटून वर सरकणाऱ्या जिवाणूंना आवर घालण्यासाठी प्रतिजैविकच घ्यावे लागले.

आता त्रास जाणवला की मी आधी लघवी तपासायला देतो आणि काढा घ्यायचा असेल तर तसे डॉक्टरांना सांगतो. ताप, कंबरदुखी किंवा लघवीत रक्त असेल, तसेच रुग्ण गर्भवती स्त्री किंवा लहान मूल असेल, तर घरी काढा उकळत बसण्यात वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा लघवी वाढवणारी औषधे चालू असणाऱ्यांनीही विचारल्याशिवाय गोखरू घेऊ नये. वैद्यांनी नेमून दिलेल्या दिवसांपलीकडे मीही तो घेत नाही, कारण गोखरूच्या सेवनानंतर मूत्रपिंडालाच इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.