गाठीचा आकार नंतर, जागा आधी

गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे कर्करोगाची नसलेली गाठ, निघाली की इंदूरच्या मराठी घरांत सल्ला ठरलेला: मुलं झाली ना, मग पिशवी काढून टाका. थोडं थांबा. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये सेंटिमीटरच्या आधी जागा वाचा. पोकळीत डोकावणारी 2 सेंटिमीटरची गाठ पाळीत धो धो रक्त घालवते. बाहेरून लोंबणारी 5 ची कित्येकदा काहीच त्रास देत नाही, तिला उगाच हात लावू नये.

पोकळीतली गाठ हिस्टेरोस्कोपीने, म्हणजे योनीमार्गातून दुर्बीण घालून, निघते, पोटावर टाका नाही. भिंतीतलीसाठी मायोमेक्टॉमी, म्हणजे पिशवी ठेवून फक्त गाठ काढणं, दुर्बिणीने किंवा पोट उघडून. मूल हवं असेल तर सहसा हीच. मात्र भिंत खोल कापली गेली असेल तर पुढे बहुधा सिझेरियन, आणि नव्या गाठी येऊ शकतात.

एम्बोलायझेशनमध्ये मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून नळी नेऊन बारीक कणांनी गाठीचा रक्तपुरवठा तोडतात. पहिले 24 तास कळा जबर येतात; गाठ आक्रसायला महिने लागतात. नंतर ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन (3.75 मिलिग्रॅम, महिन्याला एक) गाठ तात्पुरती लहान करतं, हिमोग्लोबिन सावरायला वेळ देतं. बंद केलं की गाठ परत वाढते, म्हणून हे इंजेक्शन ऑपरेशनची तयारीच समजा.