तांडा रिकामा असताना लिहिलेला आराखडा

आमच्या तालुक्याचा आरोग्य आराखडा, म्हणजे पीआयपी, हिवाळ्यात लिहायला घेतात. बीड जिल्ह्यात हिवाळ्यात तांड्यावर कोण असतं? म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे ठेवलेली लेकरं. हातीपायी धड असलेली नवरा-बायको दसरा-दिवाळीलाच मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला गेलेली असतात, ती मार्च-एप्रिलला परततात. ज्यांच्यासाठी आराखडा, तेच गावात नाहीत. तालुका समूह संघटक म्हणून तीन वर्षं काम केल्यावर हे माझ्या ध्यानात आलं, याचं अजून वाईट वाटतं.

ध्यानात आणून दिलं एका आजीने. डिसेंबरात आशाताईंबरोबर तांड्यावर गेले होते. ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे तपासणी-लसीकरण बाकी असलेल्यांच्या यादीत, आजीच्या सुनेपुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा. सून सातव्या महिन्यात गेलेली. कार्ड नेलंय का, विचारलं. आजीने ज्वारीच्या कोठीत हात घातला आणि कॅरीबॅगेत गुंडाळलेलं माता-बाल संरक्षण कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

“कोपीत भिजंल म्हणून ठिवून गेली बाई.”

कोपी म्हणजे फडाजवळची पाचटाची झोपडी. रक्तगट, हिमोग्लोबिन ८.२, सोनोग्राफीची तारीख, सगळं त्यात लिहिलेलं. ती मात्र उसाच्या फडात, जिथे तिला ओळखणारी एकही नर्स नाही.

हजार लोकांमागे एक आशा, पाच हजारांमागे एक उपकेंद्र, डोंगराळ-आदिवासी भागात तीन हजारांमागे. हा सगळा हिशेब एका जागी राहणाऱ्या माणसांचा आहे. इथल्या यादीत ‘स्थलांतरित’ लिहिलं की आमचं काम संपतं, आणि कारखान्याकडच्या यादीत ते नाव चढत नाही. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता. एक खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो, म्हणून बाई दुखणं अंगावर काढते. २०१९ मध्ये जिल्ह्यात ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यानंतर खासगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. ते गरजेचंच होतं. पण अंगावरून पांढरं जातंय म्हणून बाई पहिल्यांदा बोलते, तेव्हा तिचं ऐकायला कोण होतं?

आराखड्याच्या बैठकीत ‘समता’ शेवटच्या पानावर एका परिच्छेदात येते. मी म्हणाले, परिच्छेदाला एफएमआर कोड, म्हणजे खर्चाच्या बाबीचा क्रमांक, नसतो, आणि कोड नाही तर पैसाही नाही. बरीच वादावादी झाली. शेवटी दोन गोष्टी पदरात पडल्या: टोळ्या निघायच्या आधी तांड्यावरच संध्याकाळी तपासणी, कारण दिवसा बायका रानात असतात, आणि गावाऐवजी मुकादमवार यादी, कोणता कोयता कोणत्या कारखान्यावर, तिथल्या आशाच्या फोन नंबरासकट. तांड्यावर मागे राहणाऱ्या लेकरांच्या वजनासाठी वेगळा गाडीखर्च मागितला होता, तो उडाला. तो मी पुन्हा मागणार आहे.

यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी यादी सुरू केली. पहिल्याच तांड्यावर ३१ कोयते निघाले. चार बायका गरोदर, चौघींचीही तारीख जानेवारी ते मार्चमधली. चौघींची कार्डं दुहेरी प्लॅस्टिकमध्ये घालून दिली. दोघींचा कारखाना ठरलाय. बाकी दोघींचा मुकादम म्हणतो, दसऱ्याला सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी पुन्हा त्याच्या दारात जाणार आहे.