दुपारी बारा वाजता बंद पडणारं सोलर

छतावरच्या सोलरची सर्व्हिसिंग करतो म्हटलं की लोक म्हणतात, मग मे महिन्यात तुम्हाला दम खायलाही फुरसत नसेल. आहे उलटंच. नागपूरच्या उन्हाळ्यात आमच्याकडे येतात त्या धुळीच्या नाहीतर वादळात ढिल्या झालेल्या स्ट्रक्चरच्या तक्रारी. पुसलं, कसलं, संपलं. डोकं खाणाऱ्या तक्रारी येतात जानेवारी-फेब्रुवारीत. स्वच्छ ऊन, गार हवा, आणि ऐन दुपारी सोलर बंद.

बेसा रोडच्या आतल्या एका गल्लीतलं हे घर. तीन मजले, 540 वॅटचे 10 पॅनल, आणि पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा 5 किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर. दिवसाला वीसेक युनिट पडायला हवेत, पडत होते 12-13. ज्यांनी बसवलं त्यांनी पॅनल धुऊन पाहिले, मग वॉरंटीत इन्व्हर्टरच बदलून दिला. नवाही तसाच वागला. घरमालक काकांचा प्रश्न सरळ होता: "उन्ह तं चांगलं पडून राह्यलं, मग हे काहून बंद पडते? मे महिन्यात तं मस्त चालत होतं."

त्या शेवटच्या वाक्यातच निम्मं निदान होतं, पण आधीच्या दोन तंत्रज्ञांनी ते ऐकून सोडून दिलं होतं. ॲपमधला आलेख उघडला. सकाळपासून साडेदहापर्यंत सुरेख चढती रेघ, तिथून दुपारी तीनपर्यंत दात तुटलेला कंगवा, मग परत नीट उतरती रेघ. पॅनल किंवा डीसी बाजूचा दोष असा दिसत नाही. इन्व्हर्टरच्या नोंदीत प्रत्येक वेळी एकच कारण: एसी ओव्हरव्होल्टेज, म्हणजे लाईनच्या बाजूचं व्होल्टेज मर्यादेपेक्षा जास्त.

ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर वीज बाहेर ढकलतो, आणि ढकलायची तर त्याच्या टोकाला व्होल्टेज लाईनपेक्षा थोडं जास्त असावंच लागतं. किती जास्त, ते मधल्या वायरीचा रेझिस्टन्स ठरवतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2013च्या नियमांनुसार व्होल्टेज 110 टक्क्यांच्या वर, म्हणजे 230चं 253च्या वर गेलं, की इन्व्हर्टरने 2 सेकंदांत लाईन सोडायची. हा बिघाड नाही, हे संरक्षण आहे. या मॉडेलमध्ये तो मिनिटभर थांबतो, पुन्हा जोडला जातो, हळूहळू चढतो, पुन्हा 253. कंगव्याचे दात ते हेच.

मोजणीला दोन माणसं आणि दोन मीटर लागतात, कारण एकच मीटर घेऊन खाली-वर करेपर्यंत ढग येतो नाहीतर इन्व्हर्टर बंद पडतो. एक जण छतावर इन्व्हर्टरच्या टर्मिनलला, दुसरा खाली मीटर बोर्डला, फोन चालू ठेवून एकाच क्षणी आकडा वाचायचा. पोलवरचं रीडिंग लाईनमन भाऊंनी हातमोजे घालून घेतलं. त्यांचं एक सांगितलंच पाहिजे: या सगळ्या साखळीत गल्लीतल्या कोणत्या घराला कोणता फेज आहे हे तोंडपाठ असणारा तो एकच माणूस होता.

इन्व्हर्टर 14 अँपियरवर, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅटवर असताना: पोल 242, मीटर बोर्ड 249, इन्व्हर्टर 253. आणि टक, बंद.

आता हिशोब. छतापासून मीटरपर्यंत 30 मीटर, 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल. तिचा रेझिस्टन्स किलोमीटरला 4.61 ओहम. जाणं-येणं 60 मीटर धरलं तर 0.28 ओहम, 14 अँपियरला 4 व्होल्ट. जुळलं. पोलपासून मीटरपर्यंत 25 मीटर, जुनी 4 स्क्वेअर एमएमची ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर. किलोमीटरला 7.41 ओहम, म्हणजे येऊन-जाऊन 0.37 ओहम, 5 व्होल्ट. पण प्रत्यक्ष फरक होता 7. वरचे 2 व्होल्ट कुठे जातात? ते पोलवर न्यूट्रलच्या सांध्यात सापडले. ॲल्युमिनियमवर तांब्याची तार नुसती पिळलेली, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबायची धातूची टोपी) नाही, भोवती राखाडी भुकटी. दोन्ही धातूंत पावसाचं पाणी मुरलं की सांधा गंजतो, तापतो आणि आणखी गंजतो. न्यूट्रल असा अर्धवट असला तर तो एक दिवस पूर्ण सुटतो, आणि मग सोलर राहू द्या, घरातला दिवाही लागत नाही.

बरं, पोलवरच 242 का? गल्लीत तीन घरी सोलर आहे आणि तिन्ही सिंगल फेज इन्व्हर्टर निळ्या फेजवर. तिघांनाही बंद करायला सांगितलं तर पोल 236वर आला. लाल आणि पिवळा फेज दुपारी निवांत.

मे महिन्यात का चालत होतं, तेही इथेच उलगडतं. मे महिन्यात दुपारी घरोघरी कूलर आणि एसी सुरू असतात, छतावर बनलेली वीज गल्लीतच खपते आणि व्होल्टेज खाली राहतं. शिवाय पॅनलच्या पेशी 70 डिग्रीला पोचतात. 25 डिग्रीच्या वर दर डिग्रीला 0.35 टक्के धरले तरी 15 टक्क्यांवर उत्पादन तिथेच गळतं. फेब्रुवारीत पॅनल गार, ऊन कडक, कूलर माळ्यावर, पंखेसुद्धा बंद. वीज भरपूर आणि घेणारं कोणी नाही.

त्यात डीपीचा, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरचा, व्होल्टेज कमी-जास्त करायचा टॅप. उन्हाळ्यात गल्लीच्या शेवटच्या घरात कूलरची मोटर ओढत नाही म्हणून ओरड होते, मग टॅप एक पायरी चढवला जातो. एक पायरी म्हणजे अडीच टक्के, जवळजवळ 6 व्होल्ट. थंडीत तो उतरवा म्हणून कोणी ओरडत नाही, म्हणून तो तिथेच राहतो. उतरवायचा तर डीपी बंद करावी लागते, पूर्ण वस्ती अंधारात, आणि एप्रिलमध्ये परत तेच.

यावर बाजारात चालणारा इलाज मला चीड आणतो. इन्व्हर्टरच्या मेनूत पासवर्ड टाकायचा आणि 253ची मर्यादा 265 करायची. पाच मिनिटांचं काम, ग्राहक खूश, तक्रार बंद. फ्रिजचा बोर्ड आणि एलईडीचे ड्रायव्हर मात्र रोज दुपारी 260 व्होल्ट सोसतात, तेही सोलर नसलेल्या शेजाऱ्याच्या घरातसुद्धा. त्या बिचाऱ्याला दिवे का उडतात हे कधी कळणारही नाही.

आणि या गल्लीत नेमकं तेच निघालं. तीनपैकी एका घरचा इन्व्हर्टर कधीच बंद पडत नव्हता. पाहिलं तर मर्यादा 265. तो निर्धास्त ढकलत राहायचा, फेजचं व्होल्टेज चढायचं, आणि 253 पाळणारे काका बाहेर फेकले जायचे. त्या घरमालकांना मी समजावलं. ते म्हणाले, "माझं तं चालू हाय ना." दुसऱ्याच्या इन्व्हर्टरला हात लावायचा मला अधिकार नाही, त्यामुळे तो आजही 265वर आहे. काकांचे दुपारी बुडलेले युनिट कोणत्याही बिलात दिसले नाहीत, कारण नेट मीटर गेलेलं आणि आलेलं मोजतो, न बनलेलं मोजत नाही.

काकांकडे काय केलं ते सांगतो. छतावरून खाली 10 स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल टाकली, सर्व्हिस वायर 16 स्क्वेअर एमएमची झाली, पोलवर दोन धातूंना चालणारी थिंबल दाबून न्यूट्रलचा सांधा नव्याने केला. आधी पूर्ण 20 अँपियरला पोलपासून इन्व्हर्टरपर्यंत 15-16 व्होल्ट चढले असते, आता 4 चढतात. लाईनमन भाऊंनी रीतसर अर्जावर काकांचं घर पिवळ्या फेजवर घेतलं. दुपारी बाराला इन्व्हर्टरवर 244 दिसतं आणि युनिट 21च्या आसपास पडतात. रिॲक्टिव्ह पॉवरची (प्रत्यक्ष काम न करता व्होल्टेजवर परिणाम करणाऱ्या विजेची) सेटिंग करूनही भागेल असं एकाने सुचवलं होतं. बारीक ॲल्युमिनियमच्या वायरीत जवळजवळ सगळा रेझिस्टन्सच असतो, तिथे त्याचा उपयोग नगण्य. इन्व्हर्टरमध्ये व्होल्ट-वॅटची सोय असेल तर ती जरूर चालू करावी, म्हणजे 250च्या पुढे तो उत्पादन थोडं थोडं कमी करतो, धाडकन पडत नाही.

केबल बदलेपर्यंत काकूंना गीझर सकाळऐवजी दुपारी साडेबाराला लावायला सांगितला होता. 2 किलोवॅटचा गीझर चालला की 8 अँपियर बाहेर जायचे थांबतात आणि 4-5 व्होल्ट उतरतात. टाकी चांगली असेल तर पाणी संध्याकाळपर्यंत गरम राहतं. पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्रीही त्याच वेळात. हा उपाय फुकटचा आहे म्हणूनच बहुधा कोणी सांगत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच टाळता आली असती. पीएम सूर्यघर योजनेत अनुदान 3 किलोवॅटला 78,000 रुपयांवर थांबतं. महिन्याला अडीचशे युनिट लागणाऱ्या या घराला 3 किलोवॅट पुरून उरलं असतं. 5 किलोवॅट विकणाऱ्याला सोयीचा होता. वीज ग्राहक हक्क नियमांतल्या फेब्रुवारी 2024च्या दुरुस्तीपासून 10 किलोवॅटपर्यंतचे अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरले जातात. अर्जदाराची पायपीट वाचली, चांगलंच झालं. पण पोलवर चढून वायर पाहणारा माणूसही त्यातूनच गळला. त्याच दुरुस्तीत दुसरं कलम आहे: 5 किलोवॅटपर्यंतच्या सोलरसाठी वितरण यंत्रणा बळकट करायची तर तो खर्च वीज कंपनीने करायचा. पहिलं कलम प्रत्येक सोलर एजंटच्या तोंडी आहे, दुसरं मी ग्राहकांना अर्जात लिहायला लावतो, पोल नंबर आणि दुपारी बाराच्या व्होल्टेजच्या फोटोसकट.

गल्लीत आणखी दोन घरांनी अर्ज भरले आहेत, दोघांनाही 5 किलोवॅट हवा आहे. दोघांचीही सर्व्हिस वायर तीच जुनी 4 स्क्वेअर एमएमची आहे, आणि त्यातलं एक घर निळ्या फेजवर आहे.