डायनासोर पार्कची तिकीट खिडकी आणि रैयोली : माझा अनुभव

डायनासोर पार्कला मुलांना घेऊन जाणार असाल तर बुकिंगआधी त्यांची उंची मोजा. हे आधी कोणी सांगत नाही, म्हणून पहिल्यांदा तेच लिहितेय.

आमच्याकडे वेबसाइटने लेकाचं वय विचारलं. ते भरलं, बालतिकीट निघालं, पैसे गेले. फाटकाजवळच्या भिंतीवर मात्र उंचीची रेघ मारलेली, आणि लेकाचं डोकं तिच्या जरासं वर. "मोठ्यांचं तिकीट लागेल." बरं, फरकाचे पैसे घ्या म्हटलं. फाटकावर पैसे घेत नाहीत, खिडकीवर जा. खिडकीवर उत्तर मिळालं की ऑनलाइन तिकीट इथे बदलत नाही. नवीन काढा आणि जुन्याचे पैसे मेल करून मागा. नवीन काढायला गेले तर आमच्या वेळेची तिकिटं संपलेली. म्हणजे आम्ही आता आत जायचं आणि लेकाने पुढच्या वेळेला, एकट्याने! रणरणत्या उन्हात रांगेतली सगळी मुलं रडकुंडीला आली होती, आणि खिडकीमागचा माणूस तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. शेवटी मी ठामपणे विचारलं, उंचीची अट तिकिटावर कुठे लिहिली आहे ते दाखवा. कुठेच नव्हती. तक्रारवही मागितल्यावर मॅनेजर बाहेर आले आणि सगळ्यांना पुढच्या वेळेत सोडलं. जुन्या तिकिटाचे पैसे मात्र मेलमागून मेल केल्यावरच आले, तेही त्या रेघेचा फोटो जोडला तेव्हा. फोटो काढाच.

आत मान हलवणारे, डरकाळ्या फोडणारे पुतळे होते. मुलं खूश. मला खटकलं ते वेगळंच. जिकडेतिकडे टी-रेक्स, जो उत्तर अमेरिकेतला. आपल्या मातीतल्या राजासॉरसचा साधा फलकही नाही.

लेकाने ते लगेच ओळखलं, कारण आम्ही आधी गुजरातेत बाळासिनोरजवळच्या रैयोलीला जाऊन आलो होतो. तिथे 1980च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांना हाडं आणि अंडी सापडली. त्याच हाडांवरून 2003मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव जाहीर झालं. कपाळावर बुटकं शिंग असलेला हा मांसाहारी प्राणी क्रेटेशियस काळाच्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या काळाच्या, अखेरीस इथे वावरत होता. खेडा जिल्ह्यात धोली डुंगरीला तर घरट्यातल्या अंड्यांशी वेटोळं घातलेला साप दगडात सापडला, सनाजे इंडिकस, साडेतीन मीटर लांबीचा. ही गोष्ट ऐकताना लेकाने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. कुठल्याही यांत्रिक डरकाळीने असं झालं नाही.

रैयोलीला 2019पासून संग्रहालयही आहे. पण आधी उघड्या माळावरचे खडक बघा, तेही सकाळी लवकर आणि माहीतगार माणसाबरोबर. एरवी अंडं कुठलं आणि गोटा कुठला, कळत नाही. तिथून खडा उचलून आणू नका, मुलांनाही बजावून ठेवा. आणि क्रम हाच ठेवा : आधी खरे जीवाश्म, मग पार्क.

विदर्भातल्यांना हैदराबाद जवळ पडेल. तिथल्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात गोदावरी खोऱ्यातल्या कोटासॉरस या डायनासोरचा उभा सांगाडा आहे. सुट्टी लागली की आम्ही तिकडेच निघणार आहोत.